पंच आणि पारख

इ. स. १८७५ च्या उन्हाळ्यात माधवराव रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे न्यायमूर्ती म्हणून ज्यांचे नाव घरोघर पोहोचले, त्या पुरुषाने लोकांना एकत्र बसून ऐकण्याची आणि ऐकलेल्याचा विचार करण्याची सवय लावली. त्या सवयीच्या आधारानेच पुढे महाराष्ट्रात गावोगाव अशा माला उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी छावणीत एक अगदी निराळी गोष्ट घडत होती. नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला तो हा नव्हे) पावसाने कोंडलेल्या संध्याकाळी बिलियर्डच्या टेबलाशी उभा राहून ‘ब्लॅक पूल’ या डावात आणखी रंगीत चेंडू मिसळून पाहत होता. लष्करी विद्यालयातल्या नवख्या पोरांना त्या काळी ‘स्नूकर’ म्हणून चिडवीत. एका सोबत्याचा सोपा फटका चुकला तेव्हा चेंबरलेनने तोच शब्द त्याला बहाल केला आणि तेच नाव खेळाला चिकटले. जबलपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते आणि मध्यप्रांताची राजधानी होती आपले नागपूर. तेव्हा ज्या खेळाच्या स्पर्धा आज जगभर लाखोंच्या बक्षिसांवर होतात, तो खेळ आपल्याच जुन्या प्रांतात जन्मला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आम्हांस मान्य आहे. तथापि पुण्याच्या त्या सभेत न्यायाचा विचार करणारा एक मनुष्य होता, आणि जबलपूरच्या त्या खोलीतही न्यायाचाच एक लहानसा प्रश्न उभा होता. नवा खेळ मांडला की दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. खेळायचे कोणी, ही पहिली; आणि चूक झाली की नाही हे सांगायचे कोणी, ही दुसरी. पहिल्या गोष्टीस आपण निवड म्हणतो आणि ती करणारा पारखी असावा अशी अपेक्षा धरतो. दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडे फार जुना शब्द आहे, तो म्हणजे पंच. गेल्या दीडशे वर्षांत खेळांच्या जगाने पंचावर अपार मेहनत घेतली, पण पारख्याकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही, असे आम्हांस वाटते. आणि या लेखात तेच दाखवावयाचे आहे.

प्रथम पंचाचे पाहू. क्रिकेटमधील ‘अंपायर’ आणि बिलियर्डमधील ‘रेफरी’ या दोघांनाही मराठीने एकच नाव दिले, ते काही शब्दांच्या दारिद्र्यामुळे नव्हे. पंच म्हटला की गावचा पार, पाटील-कुळकर्णी, गोतसभा हे सारे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ‘पंचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच जगातली. मराठेशाहीतील निवाड्याची रीत ज्यांनी अभ्यासली आहे त्यांस ठाऊक आहे की, वाद पंचायतीपुढे जाण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळी त्याचा अर्थ, पंच जे ठरवतील त्यास आम्ही राजी आहोत, असा होता. आणि निकाल लागल्यावर हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या तोंडाने कबूल करी. ही दुसरी अट फार मोलाची. पंचाने दिलेला निकाल तेव्हाच पुरा होतो, जेव्हा हरणारा तो मनाने उचलतो.

आता गंमत अशी की, या जुन्या रीतीचे अवशेष आज कचेरीत शोधावे लागतात, पण बिलियर्डच्या टेबलावर ते सहज सापडतात. स्नूकरमध्ये पांढरे हातमोजे घातलेला पंच टेबलाभोवती फिरत असतो. चेंडू जागेवर ठेवणे, गुण पुकारणे, चूक झाल्यास ‘फाउल’ म्हणणे आणि निदान चार व फार तर सात गुणांचा दंड प्रतिस्पर्ध्यास देणे, ही त्याची कामे. पण खेळाडूची बाही एखाद्या चेंडूला निसटती लागली, तर ती पंचास दिसेलच असे नाही. अशा वेळी खेळाडूने स्वतः थांबून ‘माझा फाउल झाला’ असे सांगावे, ही या खेळाची रीत आहे. आणि ती पैशासाठी खेळणारेही पाळतात. हे बिनकागदाचे येजितखतच झाले.

पूल या खेळात तर याहूनही पुढची मौज आहे. मोठमोठ्या व्यावसायिक स्पर्धांतदेखील, विशेषतः सुरुवातीच्या फेऱ्यांत, प्रत्येक टेबलास वेगळा पंच पुरविता येत नाही. एकाच वेळी कित्येक टेबले चालू असतात आणि मोजके पंच त्यांच्यामध्ये फिरत असतात. म्हणून नियमानेच असे ठरविले आहे की, पंच नसेल तेथे प्रतिस्पर्धी खेळाडू हाच पंच. फटका बारकाईचा असेल, पांढरा चेंडू आधी कोणास लागणार हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागणार असेल, तर फटका मारण्यापूर्वीच पंचास बोलावून घ्यावयाचे; मागाहून तक्रार करावयाची नाही. आणि चेंडू दोन चेंडूंना एकदमच लागला असे दिसले, नेमके सांगता येईना, तर संशयाचा फायदा फटका मारणाऱ्यास.

आमच्या शहरातील एका पूलच्या अड्ड्यावर एकदा आम्ही सहज डोकावलो होतो. महाविद्यालयातली दोन पोरे खेळत होती. एकाने क्यू उचलली, जरा थांबला आणि दुसऱ्यास म्हणाला, “बघून घे रे नीट, मग म्हणशील.” दुसरा वाकून टेबलाच्या कडेशी डोळे नेऊन उभा राहिला. फटका बसला, क्षणभर दोघेही गप्प. मग ज्याचे नुकसान होणार होते तोच म्हणाला, “बरोबर आहे, तुझाच चान्स.” नियमांचे पुस्तक त्यांनी कधी उघडले असेल असे वाटत नाही. पण राजीनामा आणि येजितखत या दोन्ही गोष्टी त्या अर्ध्या मिनिटात आमच्यासमोर घडल्या.

याचा अर्थ पंचाची गरज नाही असा नव्हे. पंचाचा निकाल उघड्यावर, चारचौघांच्या साक्षीने व्हावा लागतो, हे याच खेळाच्या इतिहासाने शिकविले आहे. १९०७ साली लंडनमध्ये टॉम रीस नावाच्या बिलियर्डपटूने दोन चेंडू खिशाच्या तोंडाशी अडकवून, एकाच जागी तोच तो फटका मारीत सुमारे पाच आठवडे आपला डाव चालू ठेवला आणि ४,९९,१३५ गुण केले. पण या विक्रमास अधिकृत मान्यता मिळाली नाही; कारण त्या वेळी वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी आणि प्रेक्षक सतत हजर नव्हते. त्याच वर्षी विल्यम कुक याने त्याच तऱ्हेने केलेले ४२,७४६ गुण मात्र मान्य झाले. लक्षावधी गुण साक्षीदारांवाचून वाया गेले आणि त्यांच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी गुण वहीत नोंदले गेले. न्याय झाला एवढे पुरत नाही, तो होताना दिसला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयांनी सांगितले आहे. खेळाने ते हिशेबाच्या वहीतूनच शिकून घेतले.

आता क्रिकेटकडे वळू. कारण नागपूरकरांस पंच आणि निवड या दोहोंचा खरा चटका तेथेच बसला आहे. नागपुरात पहिला कसोटी सामना झाला तो १९६९ च्या ऑक्टोबरात, न्यूझीलंडविरुद्ध. त्या काळी यजमान देशाचेच दोन्ही पंच उभे राहत. ज्याचे अंगण त्याचेच पंच, म्हणून पाहुण्यांच्या मनात किल्मिष असे. तरीही त्या सामन्यात आपण १६७ धावांनी हरलो. घरचे पंच असले म्हणजे घरचाच संघ जिंकतो, हा समज निदान आपल्या मैदानावर पहिल्याच खेपेस खोटा ठरला. तथापि संशय हा पुराव्याची वाट पाहत नसतो. १९८६ साली पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर या दोन भारतीय पंचांना बोलावले. पाकिस्तानच्या मैदानावर भारतीय पंच, आणि तेही पाकिस्तानच्याच विनंतीवरून! शेजाऱ्यांच्या भांडणात तिऱ्हाईत पंच बसविण्याची आपल्या गोतसभेची रीत जणू पुन्हा जिवंत झाली. १९९२ साली डर्बनला पहिल्यानेच दूरचित्रवाणीची मदत घेण्यात आली आणि त्या तिसऱ्या पंचाने धावचीत ठरविलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमण्यात येऊ लागले. २००८ मध्ये पंचाच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत भारत-श्रीलंका मालिकेतच प्रथम अजमावून पाहण्यात आली. भारताने त्यानंतर कित्येक वर्षे तिला विरोध केला आणि २०१६ मध्ये ती पत्करली. पंचाच्या एका बोटामागे आता किती डोळे, किती यंत्रे आणि किती नियम उभे आहेत, याचा नुसता हिशेब केला तरी मन थक्क होते.

एवढे सगळे कशासाठी? तर मैदानावर उतरलेल्या अकरा जणांपैकी एकावरही अन्याय होऊ नये म्हणून. हे योग्यच आहे. पण जो मैदानावर उतरलाच नाही, त्याचे काय? त्याच्यावरील अन्यायाची दाद कोणी घ्यावयाची? येथे आपण निवडीच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

बिलियर्डचे टेबल साहेबांच्या क्लबांतून या देशात पसरले. त्या टेबलाशी एक मनुष्य कायम उभा असे; त्यास ‘मार्कर’ म्हणत. गुण लिहिणे, क्यू पुसून देणे, चेंडू मांडणे, आणि साहेबास जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळून त्यास खूष ठेवणे, हे त्याचे काम. दिवसभर टेबलाशीच असल्यामुळे खेळातील खाचाखोचा तो क्लबच्या सभासदांहून अधिक जाणत असेल, यात नवल नाही. पण तो पगारी नोकर. सभासदांच्या स्पर्धेत त्याचे नाव नसावयाचे. तो अर्धा पंच होता, पण पुरा खेळाडू कधीच नव्हता.

क्रिकेटमध्ये याच जातीचा एक मनुष्य होऊन गेला, आणि त्याची कथा मार्करच्या कथेहून पुढे गेली म्हणूनच ती आपणांस ठाऊक आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मले. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदान झाडीत, खेळपट्टी आखीत आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकीत. डाव्या हाताच्या त्या फिरकीपुढे गोरे अधिकारी चाचपडू लागले, तेव्हा पुण्यातील हिंदू क्लबापुढे पेच पडला: यास संघात घ्यावे की न घ्यावे? घेतले, पण मैदानावर एकच चेंडू हाताळणारे सोबती चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या भांड्यातून चहा देत. मैदानावरील नियम त्यांना शिवू शकत होते, क्लबातील नियम शिवू शकत नव्हते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. १९२० साली बाळूंस डावलले गेले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. त्या नकाराने चर्चा इतकी पेटली की पुढच्या सामन्यासाठी बाळूंस उपकर्णधार करावे लागले. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांस हरवून ती स्पर्धा जिंकली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाळूंच्या चेंडूवर पायचीतचे अपील झाले असता पंचाने बोट वर केले नाही, तर ते हजारो लोकांस दिसले असते. त्यांस कर्णधार न करण्याचा निर्णय मात्र बंद खोलीत झाला. त्याचे कारण कोणी लिहून दिले नाही, आणि त्यावर दाद मागण्याचे स्थानही नव्हते. दोन भावांनी स्वतःचा खेळ थांबविला, हीच काय ती त्यांची दाद. पंचापुढे उभे राहणारा खेळाडू निदान राजीनामा लिहून देऊन उभा राहतो. निवडसमितीपुढे उभे राहणाऱ्यास तेवढेही स्वातंत्र्य नसते, कारण तो तेथे उभाच नसतो.

आणि आता आपल्या गावचे नाव घेऊ. कोट्टारी कनकैया नायुडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घर तेलुगू, गाव मराठी, आणि खेळ साहेबांचा. १९२३ मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले. म्हणजे नागपूरच्या या हिऱ्याची पारख एका संस्थानिकाने केली. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईत गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, तेव्हा भारताच्या कसोटीचा दिवस जवळ आला असे लोक म्हणू लागले. तो दिवस २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर उगवला. संघाचा कर्णधार म्हणून गेले होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. महाराजांच्या नावावर त्या दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत अवघ्या दोन धावा जमा झाल्या. पण या राजाच्या पदरी एक मोठे श्रेय आहे: आपली योग्यता त्याने स्वतः ओळखली आणि तो बाजूस झाला. लिंबडीकर दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीस गेला तो नागपूरचा नायुडू. आपण १५८ धावांनी हरलो. नायुडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या आणि दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत मिळून १,६१८. पुढच्या वर्षी ‘विस्डेन’ने वर्षातील पाच खेळाडूंत त्यांचे नाव घातले. निवडकर्त्यांनी जी पारख केली नव्हती, ती इंग्लंडच्या मैदानांनी केली.

कोणी म्हणेल, मग शेवटी न्याय झालाच की! आमचे म्हणणे असे की, तो न्याय नव्हे, योगायोग होता. योगायोगावर विसंबणारी व्यवस्था किती ठिसूळ असते, हे चारच वर्षांनी दिसले. १९३६ च्या दौऱ्याचे कर्णधारपद क्रिकेट मंडळातील मतांच्या बळावर विजयनगरच्या महाराजकुमारांनी मिळविले. हे राजे बाजूस झाले नाहीत. तिन्ही कसोट्यांत ते खेळले आणि तिन्हींत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. लाला अमरनाथ चांगल्या धावा करीत होते. त्यांना बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीवर बसवून घरी पाठविण्यात आले. नायुडू त्या संघात साधे खेळाडू म्हणून होते. ओव्हलवरच्या अखेरच्या कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात ८१ धावा केल्या; कसोटीतील ती त्यांची शेवटची खेळी. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिने १९३७ च्या जानेवारीत आपला अहवाल दिला, अमरनाथांस निर्दोष ठरविले आणि कर्णधाराच्या कारभारावर ठपका ठेवला. निवडीतील दोषावर न्यायनिवाडा झाला खरा, पण केव्हा? मालिका हरून, खेळाडू परत येऊन, हंगाम उलटून गेल्यावर. पंचाचा निकाल क्षणात लागतो आणि त्यावर आता मिनिटभरात दाद मिळते. निवडीचा निकाल कधी लागतो हे कळतच नाही, आणि दाद मिळाली तर तोवर खेळाडूचे वय निघून गेलेले असते.

बिलियर्डच्या खेळात या बाबतीत सुख जरा अधिक. तेथे खेळाडू एकटा असतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी राष्ट्रीय बिलियर्ड अजिंक्यपद बारा वेळा जिंकले; असा मनुष्य जगाच्या स्पर्धेस जाऊ नये असे म्हणण्याची छाती कोणत्या समितीस होणार? १९५८ मध्ये कलकत्त्यास त्यांनी हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि स्वतंत्र भारतास पहिला वैयक्तिक जगज्जेता लाभला. जेथे गुणांचा तक्ता भिंतीवर टांगलेला आहे, तेथे पारख्याची लहर फारशी चालत नाही.

पण एकट्याचा खेळ संघाने खेळावयाचा ठरला की तेथेही हा प्रश्न येऊन उभा राहतोच. पूलमध्ये १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका असा एक वार्षिक सामना होतो. विली मॉस्कोनी या नामांकित अमेरिकन खेळाडूच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात संघ कसा निवडावा याची बरीच ओढाताण होत आली आहे. अलीकडे जी पद्धत रूढ झाली ती अशी की, काही जागा वर्षभरातील गुणांच्या तक्त्यावरून भरावयाच्या आणि उरलेल्या जागी संघनायकाने आपल्या पसंतीचे गडी घ्यावयाचे. आम्हांस या पद्धतीतील एक गोष्ट फार आवडली. गुण किती आणि मर्जी किती, हे आधीच जाहीर असते. तक्त्याने आलेला खेळाडू कोणाचा मिंधा नसतो. आणि मर्जीने आलेला कोणाच्या मर्जीने आला, हे सर्वांस माहीत असते. तो हरला तर संघनायकास उत्तर द्यावे लागते. समितीच्या पडद्याआड लपण्याची सोय नसते.

निव्वळ तक्त्यावर विसंबावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कारण तक्ता हा जे आधीच आत आले आहेत त्यांचा असतो. जो अजून दाराबाहेर उभा आहे त्याचे नाव तक्त्यात कोठून येणार? त्याच्यासाठी पारखी नजरच हवी. याचे उदाहरण शोधावयास नागपूरकरांस लांब जावे लागत नाही. खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीवरील एका कामगाराचा मुलगा टेनिसच्या चेंडूने गावोगावच्या स्पर्धा खेळत असे. पोलिसात शिपाई व्हावे म्हणून त्याने प्रयत्न केला, तो साधला नाही. शिवणीचा खरा चेंडू त्याने विशीच्या उंबरठ्यावर हाती घेतला. ज्या वयात इतर मुलांची नावे वयोगटांच्या संघांतून वर्षानुवर्षे फिरलेली असतात, त्या वयात याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. त्याचा वेग ज्यांनी पाहिला, त्यांत विदर्भाचे त्या वेळचे कर्णधार प्रीतम गंधे होते. त्यांनी शब्द टाकला, २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी करंडक खेळला आणि २०११ च्या नोव्हेंबरात दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून कसोटीत उतरला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत गेलेला हा पहिला खेळाडू. त्याचे नाव उमेश यादव.

हे उदाहरण आनंदाचे आहे. तसेच ते अस्वस्थ करणारेही आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ रणजी करंडकाच्या पहिल्याच हंगामात, १९३४-३५ मध्ये, खेळला होता. विदर्भ या नावाने आपण १९५७-५८ पासून खेळतो आहो. आणि पहिला करंडक हाती आला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या मैदानावर दिल्लीस हरवून, फैज फजल याच्या नेतृत्वाखाली. साठ वर्षे लागली. त्यानंतर २०१९ मध्ये आणि २०२५ मध्ये पुन्हा तो करंडक आला, तोही नागपुरातच. ज्या मातीत एका दशकाच्या आत तीन वेळा हे पीक आले, ती माती आधीची साठ वर्षे नापीकच होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुले तेव्हाही होती, खाणीही होत्या, वेगही होता. त्या साठ वर्षांत दाराबाहेर थांबून, पुढे शिपाई किंवा कारकून होऊन गेलेल्यांची मोजदाद कोणत्याही गुणफलकावर सापडणार नाही. पंचाची चूक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. पारख्याची चूक मात्र कोणासच दिसत नाही; जो निवडला गेला नाही तो कसा खेळला असता, हे दाखविणारे यंत्र अजून निघावयाचे आहे.

मग उपाय काय? आम्ही क्रिकेटचे धुरीण नव्हे, की नियम लिहून द्यावेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, त्यांत निवडसमितीच्या रचनेचाही विचार होता. तेव्हा हा प्रश्न न्यायाचा आहे, हे देशातील सर्वांत वरच्या न्यायासनानेही एका परीने मानले आहे. आमचे मागणे साधे आहे आणि ते आपल्या जुन्या रीतीतूनच आलेले आहे. निवड करणाऱ्यांनी कसोट्या आधी सांगाव्यात. गुण किती पाहणार आणि नजर किती चालविणार, ते उघड करावे. निवड झाल्यावर, वगळलेल्या खेळाडूस त्याचे कारण चार ओळींत लेखी द्यावे. आपल्या सग्यासोयऱ्याचे किंवा आपल्या क्लबाचे नाव निघाले की निवडकर्त्याने त्यापुरते उठून जावे; गोतसभेत ज्याचा वाद असेल तो स्वतः पंच म्हणून बसत नसे, इतके तरी आपण विसरू नये. आणि ज्यांची नावे कोणत्याच तक्त्यात नाहीत, त्यांना पाहण्यासाठी निवडकर्त्यांनी खुर्ची सोडून खाणीवर, खेड्यावर, जिल्ह्याच्या मैदानावर जावे.

असे झाले तर वगळलेल्याचे दुःख नाहीसे होईल काय? नाही होणार. अकराच जागा असल्या की बाराव्यास बाहेर बसावे लागणारच. पण कारण कळले तर तो येजितखत लिहून देऊ शकेल. ‘या वेळी माझ्याहून तो सरस होता’ असे म्हणून तो पुन्हा सरावास लागेल. कारण न कळता जो बाहेर राहतो, तो हरत नाही, तो नुसता पुसला जातो. हरण्यात मनुष्याचा मान राहतो, पुसले जाण्यात राहत नाही. बाळूंच्या भावांनी १९२० साली जे मागितले ते हेच होते, असे आम्ही समजतो.

जबलपूरच्या त्या पावसाळी संध्याकाळी साहेबलोक टेबलाभोवती हसत-खिदळत असताना कोपऱ्यात गुणांचा तक्ता सांभाळीत कोणी मार्कर उभा असेलच, असे आमच्या मनात येते. जगात स्नूकरचा पहिला डाव झाला त्या वेळी त्याने गुण मोजले असतील. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याने कधी क्यू हातात घेऊन पाहिली असेल काय, आणि पाहिली असती तर काय झाले असते, हे सांगणारा आता कोणी उरलेला नाही. निवडीचा सारा प्रश्न त्या कोपऱ्यातल्या माणसापाशी सुरू होतो, आणि आपल्या मैदानांच्या कुंपणांबाहेर तो आजही उभा आहे.